गाडी पुसू नका, टिपा! कार धुतल्यानंतर रंगावर ओरखडे आणि पांढरे डाग का पडतात? जाणून घ्या सविस्तर

डिजिटल डेस्क, घाटंजी : रविवारची सकाळ. अंगणात बोअरची नळी लावून कार धुतली. शॅम्पू झाला, पाणी मारलं, गाडी चकचक करायला लागली. मग दोरीवरचा जुना टॉवेल ओढला आणि दाबून, गोल गोल फिरवत गाडी पुसून काढली. संध्याकाळी तीच गाडी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी केली, तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आणि दरवाजांवर थेंबांच्या आकाराचे पांढरे डाग!

अशा वेळी बहुतेक जण दोष देतात शॅम्पूला, नाहीतर कंपनीच्या रंगाला. पण खरं कारण बहुतेक वेळा शेवटच्या दहा मिनिटांत असतं. गाडी धुण्याकडे आपण जेवढं लक्ष देतो, तेवढं ती कोरडी करण्याकडे देत नाही. एमएच-२९ पासिंगच्या गाड्यांसाठी तर हा विषय आणखी महत्त्वाचा आहे. कारण इथलं जमिनीतलं पाणी क्षाराचं, इथली धूळ खरखरीत आणि इथलं ऊन विदर्भाचं. हे तिन्ही एकत्र आले की रंगाचं काय होतं आणि ते टाळायचं कसं, ते समजून घेऊ.

गाडीचा रंग किती जाड असतो?

कारच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये चार थर असतात. सगळ्यात खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा पांढरा, लाल, काळा असा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यातला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक ज्याच्यावर अवलंबून आहे, तो थर केसापेक्षाही पातळ आहे.

क्लिअर कोट हा एक प्रकारचा प्लास्टिकचाच थर. तो चमक देतो, पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. उन्हातली अतिनील किरणं तो अडवतो आणि खालच्या रंगाला जपतो. जुन्या गाड्यांच्या छतावरचा आणि बोनेटवरचा रंग सालपटासारखा सुटलेला तुम्ही पाहिला असेल. तिथे क्लिअर कोट संपलेला असतो. म्हणून हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. हा थर एकदा गेला की परत उगवत नाही. ओरखडे घालवायला मशीन पॉलिश करतात, तेव्हाही ओरखडा ‘भरला’ जात नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला काही मायक्रॉन कमी होतात. बँकेत ठेव संपत जावी तसं हे. काढता येतं, भरता येत नाही.

ओरखडे धुताना पडतात की पुसताना?

दोन्ही वेळी पडू शकतात. पण पुसताना धोका जास्त असतो. गाडीवर शॅम्पूचा फेस असतो, तेव्हा धुळीचा कण आणि रंग यांच्यामध्ये बुळबुळीत थर असतो. कण घसरत निघून जातो. पाणी मारून फेस गेला की हा थरही जातो. आता दाराच्या कडेला, आरशाखाली, नंबर प्लेटच्या मागे राहिलेला एखादा कण फडक्यात अडकला आणि आपण हाताचा जोर लावला, तर फडक्याचं थेट पॉलिश पेपर होतं.

आपल्याकडची धूळ कशी आहे, तेही बघा. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. त्याच खडकाची गिट्टी रस्त्यावर पडते आणि वाहनांच्या चाकाखाली तिची चुरी होते. या दगडात काचेपेक्षाही कठीण खनिजांचे कण असतात. त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या थराचा काय टिकाव लागणार? काळी माती ओली असताना मऊ वाटते, पण चाकाच्या वरच्या भागात वाळून बसलेल्या चिखलात बारीक खडी हमखास असते. घाटंजीहून यवतमाळला किंवा पांढरकवड्याला नियमित जाणाऱ्यांनी गाडीच्या दाराच्या खालच्या भागावरून एकदा ओलं बोट फिरवून बघावं, खरखर लगेच जाणवेल. कापसाच्या हंगामात तर धुळीच्या जोडीला रुईचे तंतूही येऊन बसतात.

आणखी एक सवय याहून वाईट. रोज सकाळी कोरडं फडकं मारायचं! पाणी नाही, फेस नाही, फक्त धूळ आणि हाताचा जोर. शहरांत महिन्याच्या ठरावावर गाडी पुसणारे एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात फडकं बुडवून सात-आठ गाड्या पुसतात, तोही त्यातलाच प्रकार. धुळीने भरलेली गाडी पुसण्यापेक्षा ती आणखी चार दिवस तशीच राहिलेली बरी.

रेषा गोल जाळ्यासारख्या का दिसतात?

अनेकांना वाटतं, गोल हात फिरवला म्हणून गोल रेषा पडल्या. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना असतात. दिव्याचा प्रकाश पडतो, तेव्हा ठराविक दिशेचे ओरखडेच तो आपल्या डोळ्याकडे परावर्तित करतात आणि त्या दिव्याभोवती वर्तुळ असल्याचा भास होतो. दिवा हलवा, जाळंही हलतं. म्हणून घरच्या सावलीत गाडी नवी दिसते आणि पंपाच्या दिव्याखाली जुनी. काळ्या, गडद निळ्या आणि लाल रंगावर हे जास्त दिसतं. पांढऱ्या गाडीवर दिसत नाही, पण पडलेलं तिथेही असतं.

पांढरे डाग कुठून येतात?

घरचंच उदाहरण सांगतो. आम्ही सेकंड हँड काळी कार घेतली. हौस म्हणून मे महिन्यातल्या रविवारी दुपारी बाराला अंगणात धुतली आणि ‘उन्हात वाळेल आपोआप’ म्हणत जेवायला आत गेलो. अर्ध्या तासाने बाहेर आलो, तर काळ्या गाडीवर पांढरे ठिपके. ओल्या फडक्याने पुसले, गेले असं वाटलं. वाळल्यावर परत दिसले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पाण्याचा कठीणपणा मोजण्याचा प्रयोग आम्ही सगळ्यांनीच केला होता. वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे. तो प्रयोग कशासाठी होता, ते त्या दिवशी बोनेटकडे बघून कळलं.

बेसाल्टच्या भेगांतून मुरत जाणारं पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो, शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव ‘दुष्फेन’. त्यात साबणाचा फेस नीट होत नाही. हे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. पण पाणी उडून जातं, तेव्हा क्षार मात्र जागेवरच राहतात. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या वाळ्यावर आणि जाळीवर जो पांढरा कडक थर बसतो, गिझरच्या कॉइलवर जो चुना जमतो, तोच हा प्रकार.

थोडा हिशेब करू. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांचं, म्हणजेच टीडीएसचं, प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. पाण्याच्या कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस ६०० आहे आणि धुतल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिलं. ते तसंच वाळू दिलं तर ३०० मिलिग्रॅम क्षार रंगावर राहणार. चिमूटभरच, पण प्रत्येक धुण्याला चिमूटभर! तेही सगळीकडे सारखं पसरत नाही. थेंब आक्रसत जातो तसा क्षार त्याच्या कडेला गोळा होतो, म्हणून डाग कडीसारखा गोल दिसतो.

सुरुवातीला हा डाग रंगाच्या वर बसलेला असतो, तेव्हा तो निघतो. पण तापलेल्या पत्र्यावर, उन्हात, पुन्हा पुन्हा तेच होत राहिलं तर क्षार क्लिअर कोटला खायला लागतात आणि तिथे बारीक खळगा पडतो. मग तो डाग पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. म्हणजे पुन्हा त्या ४० मायक्रॉनच्या ठेवीतून खर्च.

थोडक्यात पेच असा आहे. गाडी पुसली नाही तर डाग आणि चुकीची पुसली तर ओरखडे. यातून वाट काढणारा शब्द मराठीत आधीपासून आहे. टिपणं! शाईचा थेंब पडला की आपण टीपकागद घासत नव्हतो, वर ठेवून शाई शोषू देत होतो. गाडीवरचं पाणीही तसंच उचलायचं.

फडकं कोणतं वापरावं?

घाटंजी हा कापसाचा तालुका, त्यामुळे सुती कापडाबद्दल वाईट बोलणं जिवावर येतं. सुती कापड पाणी चांगलं शोषतं, यात शंका नाही. अडचण वेगळी आहे. घरात गाडीसाठी येतं ते जुनं झालेलं बनियन, फाटलेला टॉवेल किंवा दुपट्टा. अनेक धुण्यांनंतर त्याचे तंतू कडक झालेले असतात, कडेची शिवण जाड असते, कधी बटण किंवा चेनही राहिलेली असते. शिवाय त्याची वीण सपाट, त्यामुळे अडकलेला कण आत जात नाही, वरच राहून रंगाला घासतो.

मायक्रोफायबर इथेच वेगळं ठरतं. हे कापड पॉलिस्टर आणि नायलॉनच्या वर्गातल्या पॉलिअमाइडचं असतं, साधारण ८०:२० किंवा ७०:३० या प्रमाणात. त्याचा एकेक धागा एक डेनिअरपेक्षा बारीक असतो. म्हणजे ९,००० मीटर लांब धाग्याचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. जपानच्या टोरे कंपनीतले शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अशा अतिसूक्ष्म धाग्यांपासून कृत्रिम सुएड तयार केलं, तिथून हे तंत्र पुढे आलं. या धाग्यांच्या मधल्या असंख्य फटी पाणी आत ओढून घेतात आणि जाड लव असेल तर धुळीचा कणही रंगापासून दूर, लवेच्या आत जातो.

खरेदी करताना एवढं बघा :

• जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. कोरडं करण्यासाठी ४०० किंवा त्याहून जास्त घ्या. पातळ, स्वस्त कापड डॅशबोर्डसाठी ठेवा.

• आकार मोठा हवा. पंचासारखं मोठं कापड पसरून ठेवता येतं, रुमालाएवढं कापड घासावंच लागतं.

• कडा मऊ असाव्यात. कागदी किंवा प्लास्टिकचं लेबल शिवलेलं असेल तर आधी ते उसवून काढा.

• घरात जुनी सीडी पडली असेल तर तिच्या चकचकीत बाजूवर कापड दाबून फिरवा. रेषा पडल्या तर ते कापड गाडीच्या रंगावर नको.

बाजारात मिळणारं पिवळं, स्पंजासारखं शॅमी कापड पाणी भरपूर ओढतं, पण त्याचा पृष्ठभाग अगदी सपाट असतो. कण अडकला की तो थेट रंगावर घासला जातो. गाडी पूर्ण स्वच्छ असेल तर चालेल, काचेला उत्तम. रंगासाठी मायक्रोफायबर जास्त सुरक्षित.

गाडी टिपायची योग्य पद्धत कोणती?

१. वेळ आणि जागा निवडा. सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर, सावलीत. बोनेटला हाताचा पंजा लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा. लांबून आलेली गाडी इंजिन थंड झाल्याशिवाय धुऊ नका.

२. शेवटचं पाणी हळू सोडा. नळीच्या तोंडाचं नोझल काढा किंवा बोट काढून घ्या आणि छतापासून पाण्याची संथ धार सोडा. जोरात फवारा मारला तर हजारो थेंब तयार होतात. संथ धारेत पाणी पाण्याला ओढत चादरीसारखं खाली उतरतं आणि अंगावर थेंब कमी राहतात. अर्धं काम इथेच होतं.

३. कापड किंचित ओलं करून घट्ट पिळा. पूर्ण कोरडं मायक्रोफायबर पहिल्या झटक्यात पाणी नीट ओढत नाही. दमट कापड लगेच ओढतं.

४. पसरा, थोपटा, उचला. छतावर कापड पसरा, वरून तळहाताने अलगद थोपटा आणि उचला. सरकवायचंच असेल तर दोन टोकं धरून स्वतःकडे सरळ ओढा. कापडाचं वजन पुरेसं आहे, हाताचा जोर नको.

५. वरून खाली या. आधी छत, मग काचा, बोनेट, डिकी, दरवाजांचा वरचा भाग. दरवाजांचा खालचा भाग, बंपर आणि चाकांजवळचा पत्रा सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कापडाने. चाकांचं कापड तर पूर्ण वेगळं. त्याचा रंगच वेगळा ठेवा, म्हणजे घरात कुणाची गफलत होणार नाही.

६. घडी बदलत राहा. कापडाची चौघडी केली तर उलगडत, पालटत आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू भिजली की पुढची घ्या. कापड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. झटकून परत वापरू नका.

७. लपलेलं पाणी काढा. आरसे, दाराचे हँडल, लोगो, दिव्यांच्या कडा, पेट्रोलच्या टाकीचं झाकण इथून पाणी दहा मिनिटांनी ओघळतं आणि लांब रेघ उमटते. चारही दरवाजे आणि डिकी उघडून चौकटी टिपून घ्या. तिथे पाणी साचत राहिलं तर पुढे गंज धरू शकतो.

८. ब्रेक सुकवा. हा रंगाचा विषय नाही, पण सुरक्षिततेचा आहे. गाडी रात्रभर उभी करण्याआधी एक छोटी चक्कर मारून दोन-तीन वेळा हलका ब्रेक दाबा. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो चिकटलेला सापडू शकतो.

वायपर, ब्लोअर, नाहीतर थेट रस्त्यावर पळवली तर?

फरशी पुसायच्या वायपरसारखं रबरी पातं काचेवर ठीक. रंगावर मात्र नको. पात्याखाली एक कण आला तरी बोनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ पडते.

हवेने वाळवणं सगळ्यात सुरक्षित, कारण त्यात रंगाला काहीच लागत नाही. हातात धरायचा ब्लोअर असेल तर आरसे, ग्रिल आणि अलॉय व्हीलसाठी तो फारच कामाचा. फक्त तो धुळीच्या जमिनीवर रोखू नका, नाहीतर उडालेली धूळ ओल्या गाडीवर येऊन बसेल. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा वापरत असाल तर नळीचं धातूचं तोंड रंगाला टेकू देऊ नका आणि आधी ती हवा पांढऱ्या फडक्यावर सोडून बघा. टाकीतलं तेल आणि पाणी हवेबरोबर येत असेल तर फडक्यावर लगेच दिसतं.

गाडी पळवून वाळवणं ही सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवी युक्ती. वाऱ्याने मोठे थेंब उडतात, बारीक थेंब तिथेच वाळून डाग पाडतात आणि रस्त्यावरची धूळ ओल्या रंगावर चिकटते ती वेगळीच.

वॉशिंग सेंटरवर काय सांगाल?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणि लग्नसराईत वॉशिंग सेंटरवर रांग असते. एक गाडी झाली की त्याच कापडाने दुसरी. समोरच्या ट्रॅक्टरचा चिखल पुसलेलं कापड तुमच्या बोनेटवर येऊ शकतं. त्यात आपणच म्हणतो, ‘भाऊ, जरा दाबून पूस.’ हे वाक्य आजपासून बंद करा. आपली दोन कापडं सोबत न्या आणि हातात द्या. वेळ असेल तर ‘पाणी मारून द्या, पुसतो मी’ असं सांगा. पुसणाऱ्याचा यात दोष नाही. घाई त्याची नाही, रांगेची असते.

दसऱ्याला पूजेनंतर हळद-कुंकू, ओल्या फुलांचे डाग रंगावर तसेच राहू देऊ नका. कुंकू कोरडं असताना फडक्याने घासू नका. आधी पाणी सोडून वाहू द्या, मग टिपा.

डाग पडलेच असतील तर काय करावं?

ताजे डाग असतील तर गाडी सावलीत धुऊन, कमी क्षाराचं पाणी शिंपडून टिपून बघा. नाहीच गेले तर पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घ्या. मऊ कापड त्यात भिजवून डागावर अर्धा-एक मिनिट ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. व्हिनेगरमधलं आम्ल चुन्याच्या क्षाराला विरघळवतं, एवढीच ती जादू. आधी एका कोपऱ्यात करून बघा, तापलेल्या पत्र्यावर कधीच करू नका. लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी यांचा प्रयोग रंगावर नको. एवढं करूनही डाग राहिला तर तो रंगात उतरला आहे. मग जाणकाराकडूनच पॉलिश करून घ्या.

वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग केलं की पाणी लवकर घरंगळतं आणि टिपायचं काम कमी होतं, हे खरं. पण ‘कोटिंग केलं, आता डाग नाही, ओरखडा नाही’ या समजात राहू नका. उरलेला थेंब कोटिंगवरही वाळतो आणि डाग सोडतो.

आरओचं वाया जाणारं पाणी वापरलं तर चालेल का?

हा सल्ला मोबाइलवर खूप फिरतो. पाणी वाचवायला तो चांगलाच आहे, पण शेवटच्या पाण्यासाठी नाही. आरओ यंत्र शुद्ध पाणी एका नळीतून देतं आणि क्षार दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतं. समजा, ६०० टीडीएसच्या चार लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध पाणी मिळालं, तर उरलेल्या तीन लिटरचा टीडीएस ८०० च्या जवळ जातो. म्हणून हे पाणी चिखल भिजवायला, चाकं धुवायला वापरा. शेवटची धार मात्र कमी क्षाराच्या पाण्याची द्या. पावसाळ्यात पन्हाळीखाली साठवलेलं पावसाचं पाणी त्यासाठी उत्तम, पहिल्या एक-दोन पावसांचं छत धुतलेलं पाणी मात्र सोडून द्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, कारण ते हवेतल्या वाफेचं झालेलं असतं.

आणि पाणी किती लागतं?

घरची नळी सोडून १५ लिटरची बादली किती वेळात भरते, ते एकदा बघा. मिनिटात भरत असेल तर दहा मिनिटं चालू ठेवलेली नळी १५० लिटर पाणी संपवते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एका गाडीच्या धुण्यात जवळजवळ तीन माणसांचं दिवसाचं पाणी. २०१८ मध्ये यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह प्रकल्प तळाला गेले, तेव्हाची टँकरची वाट जिल्हा अजून विसरलेला नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळूरुत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली आणि मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरला.

दोन बादल्यांतही कार नीट धुतली जाते. एक शॅम्पूची, दुसरी धुण्याचा स्पंज किंवा हातमोजा खंगाळायची. शेवटच्या धारेला आणखी बादलीभर. नीट टिपलेल्या गाडीवर डाग पडत नाहीत, त्यामुळे ‘डाग पडले म्हणून परत धुवा’ हा फेराही वाचतो. आणि गाडी थेट वाघाडी नदीत किंवा नाल्यात उतरवून धुणं टाळाच. ऑइल, ग्रीस आणि शॅम्पू त्याच पाण्यात जातं, जिथे पुढच्या गावची जनावरं पाणी पितात. शिवाय नदीच्या पाण्यातली रेती रंगाला लागते ती वेगळी.

कापडाची काळजी कशी घ्यावी?

मायक्रोफायबर एकदा घेतलं की वर्षानुवर्षं टिकतं, पण घरच्या कपड्यांत टाकलं तर महिनाभरात खराब होतं. ते सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, कापसाचे तंतू त्यात अडकतात. कपडे मऊ करणारं फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याने बारीक फटी बुजतात आणि पाणी ओढायची ताकद जाते. उकळतं पाणी आणि इस्त्री टाळा. थोड्या लिक्विड साबणात धुऊन सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. डिकीत मोकळं टाकलेलं कापड धूळ गोळा करतं आणि पुढच्या रविवारी तीच धूळ गाडीवर जाते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं कधीच नाही.

• उन्हात धुऊ नका, उन्हात वाळू देऊ नका.

• शेवटची धार संथ आणि शक्य तितक्या कमी क्षाराच्या पाण्याची.

• मोठं, जाड, स्वच्छ मायक्रोफायबर. पसरा, थोपटा, उचला.

• वरून खाली. खालच्या भागाला आणि चाकांना वेगळं कापड.

• खाली पडलेलं कापड त्या दिवसापुरतं बाद.

आपल्याकडे कार ही बहुतेक घरांत हप्त्यांवर किंवा सेकंड हँड आलेली वस्तू असते. पाच-सहा वर्षांनी विकायला काढली की घेणारा आधी बोनेटवरून तिरकी नजर फिरवतो आणि मग भाव बोलतो. त्या नजरेसमोर गाडी उभी राहील, तेव्हा शोरूममधली चमक नाही, तर दर रविवारच्या शेवटच्या दहा मिनिटांत तुमचा हात कसा चालला, तेच दिसणार आहे. वर्षाचे ५२ रविवार धरले तर पाच वर्षांत २६० वेळा तुम्ही त्या ४० मायक्रॉनच्या थरावर कापड ठेवता. प्रत्येक वेळी ते घासायचं की टिपायचं, एवढंच ठरवायचं आहे.